रेघ लाल होती

"दार लाव," खर्डेकर सर म्हणाले. "कडीसुद्धा घाल."

मी कडी घातली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. इतिहास विभागात अजून कोणी आलं नव्हतं. खालच्या मजल्यावर सभागृहात खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. अकरा वाजता चंद्रकला धोत्रेची पीएचडीची मौखिकी होती आणि सर तिचे मार्गदर्शक होते. माझेही होणार होते. माझ्या नोंदणीचा अर्ज त्यांच्या टेबलावर दोन महिने सहीवाचून पडला होता.

"दोन नंबरचा प्रश्न तुझ्याकडे आहे ना?"

"हो सर."

"दे इकडे."

मौखिकी खुली असते. म्हणजे कोणीही येऊन प्रश्न विचारू शकतो. कोणी येत नाही, आणि आलाच तर त्यानं भलतं काही विचारू नये म्हणून आमच्या विभागात आदल्या दिवशी तीन विद्यार्थ्यांना तीन चिठ्ठ्या मिळत. त्यांच्या नकला उमेदवाराला मिळत. आपण उठून चिठ्ठी वाचायची, उमेदवारानं "फार चांगला प्रश्न आहे" म्हणायचं, पाठ केलेलं उत्तर द्यायचं. मग टाळ्या. मग उमेदवाराकडून सगळ्यांना जेवण. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आपल्या संशोधनाचे सामाजिक उपयोजन काय?'

सरांनी ती फाडली. चार तुकडे केले, ते टोपलीत न टाकता स्वतःच्या खिशात ठेवले, आणि दुसरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

'प्रकरण चारमधील छायाचित्रे मी काढलेली आहेत. माझ्या परवानगीशिवाय ती आपण आपले संशोधन म्हणून कशी वापरलीत?'

मी दोनदा वाचलं.

"सर, पण ताईनं मला विचारूनच..."

"फोटो कोणी काढले?"

"मी."

"कोणाच्या फोनमध्ये?"

"माझ्या."

"मग यात खोटं काय आहे, ते सांग."

सर उठले, खिडकी लावली, पुन्हा बसले. मी त्यांना चार वर्षं पाहत होतो. खिडकी लावताना पहिल्यांदाच पाहिलं. विचारस्वातंत्र्यावर त्यांचं व्याख्यान असलं की तालुक्याच्या गावांतून माणसं यायची.

"मी मार्चमध्येच तिला म्हटलं होतं, हे चौथं प्रकरण काढ. ती म्हणाली, बघते सर. बघते म्हणजे काय? काढते, असाच अर्थ होतो ना?"

"सर, पण प्रबंधावर तुमची सही..."

"सही करताना कोण वाचतं रे?" ते एकदम ओरडले, आणि आपणच दचकून दाराकडे बघू लागले.

खरं होतं ते. त्या दिवशी मीच प्रबंधाच्या प्रती धरून उभा होतो. सर व्याख्यानाला निघाले होते. गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी पाचही प्रतींच्या प्रमाणपत्रावर सह्या केल्या. 'सदर प्रबंध मी काळजीपूर्वक वाचला असून.' बॉनेट तापलेलं होतं, म्हणून ते घाईत होते.

"काल सचिवसाहेबांचा फोन आला. त्यांच्या हातात प्रत आहे. कोणी दिली माहीत नाही. ते आज येणार आहेत. पुढच्या सोफ्यावर बसणार आहेत." सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तू फक्त प्रश्न विचार. बाकी मी बघतो. प्रकरण वादात आलं की ते वगळा अशी सूचना देता येते. तिची पदवी जात नाही, उलट वाचते. कळतंय? तू तिचं भलंच करतोयस."

"सर, मला नाही जमणार."

"तुझी मुलाखत कधी आहे?"

"बावीस तारखेला."

"कोणाच्या कॉलेजात?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

मी चिठ्ठी टेबलावर परत ठेवली, म्हणालो, "माफ करा सर," आणि कडी काढून बाहेर आलो.

दुरुस्ती

शेवटची ओळ खोटी आहे. मी चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि "बरं सर" म्हणालो. कडी मात्र मीच काढली.

चौथं प्रकरण

ते काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर दोन मोठी माणसं एका प्रकरणाला एवढी का घाबरली ते कळणार नाही.

आमच्या जिल्ह्यात प्रभातकिरण शिक्षण मंडळाच्या बेचाळीस शाळा आणि चार महाविद्यालयं होती. मंडळाचे संस्थापक आप्पासाहेब सरनोबत. मी स्वतः त्यांच्याच शाळेत शिकलो. प्रत्येक कचेरीत त्यांची तसबीर असायची आणि खाली लिहिलेलं असायचं, की त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका रांगेत बसवलं. मंडळाचे आताचे सचिवसाहेब त्यांचे नातू. मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज आणि दर मार्चमध्ये रजा. माझे वडील यंत्रमागावर होते. बावीस तारखेची मुलाखत मंडळाच्याच महाविद्यालयात, कायमच्या जागेसाठी होती; घरी सगळे तिची वाट पाहत होते.

चंद्राताईचा विषय होता जिल्ह्यातल्या शाळांचे जुने हजेरीपट. आम्ही सगळे हसलो होतो. हजेरीपटात काय असतं? नाव, आणि पुढे हजर किंवा गैरहजर. ती वडार समाजातली; विभागात काळे नावाचा एक होता, तो तिच्यादेखत म्हणायचा, "मॅडम आता दगडाऐवजी कागद फोडणार." ती म्हणायची, "दगड सोपा असतो रे काळे. तो आधी फुटतो."

तिच्याकडे कॅमेऱ्याचा फोन नव्हता. माझ्याकडे नवा होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघं जायचो. हिवरवाडी, तळेखोल, पिंपळदरा. मुख्याध्यापक कपाटाची किल्ली द्यायचे, धूळ झटकायला शिपाई द्यायचे. कुणालाच वाटत नव्हतं, की त्यात काही असेल.

हिवरवाडीच्या एकोणीसशे चौपन्नच्या हजेरीपटात सदतीस नावं होती. अठ्ठावीस नावांनंतर पानभर आडवी लाल रेघ. रेघेखाली नऊ नावं. वडारवस्तीतली, मांगवाड्यातली, रामोश्यांची. प्रत्येक नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: पडवी. आणि पानाच्या तळाशी, हिरव्या शाईत, आप्पासाहेबांची सही. ते महिन्यातून एकदा शाळा तपासायला येत, तेव्हाची.

"असेल एखाद्या मास्तराचा आगाऊपणा," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. "फोटो काढ."

तळेखोलला रेघ. पिंपळदऱ्याला रेघ. एकसष्टपर्यंत रेघ, एकसष्टपर्यंत हिरवी सही. मग ताईला आणखी एक गोष्ट दिसली, जी मला शंभर वेळा पाहूनही दिसली नव्हती. रेघेखालची मुलं जुलै आणि ऑगस्टमध्ये गैरहजर असायची. सगळी. रोज. दरवर्षी. आणि वर्षाच्या शेवटी शेरा: 'या मुलांना शिक्षणाची आवड नाही.'

हिवरवाडीत दगडू लोंढे नावाचे एक म्हातारे भेटले. रेघेखालचं सहावं नाव त्यांचं होतं. ताईनं त्यांना विचारलं, "आजोबा, पावसाळ्यात शाळेत का जात नव्हता?"

ते म्हणाले, "पडवी गळायची की गं बाई. मास्तर म्हणायचे, ऊन पडलं की या."

परत येताना ताई गाडीवर मागे बसली होती. मी विचारलं, "रडतेस का?" ती म्हणाली, "गाडी नीट चालव."

आता एक अडचण. प्रबंधात रंगीत पानं छापणं तिला जमलं नाही. तिनं झेरॉक्सच्या दुकानात माझ्या फोनवरून काळेपांढरे कागद काढले. त्यात लाल रेघ काळी आली. हिरवी सही काळी आली. हजेरीपटात तशाही छापील काळ्या रेघा पुष्कळ असतात. रंगीत पानं फक्त माझ्या फोनमध्ये होती, एकशेबारा.

पावणेअकरा

ती सभागृहाच्या दारात उभी होती. मोरपंखी साडी, केसांत काही नाही. माझा हात धरला.

"बघ. बर्फ झालेत."

तिचे हात खरंच गार होते. माझेही होते, पण तिला ते कळलं नसावं.

"मठ्ठा विसरलाय केटरर. भावाला पाठवलंय. ऐक, दोन नंबर तुझा ना? जरा हसून वाच. मागे काळेच्या वेळी तू असं वाचलंस, जसं काही पोलिसात जबाब देतोयस."

"ताई..."

"काय?"

समोरून पांढरी गाडी आली. सरनोबत सचिव उतरले. खर्डेकर सर पायऱ्या उतरून धावले. त्यांना मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी गाडीचं दार धरलं.

"हे का आलेत?" ताई हळूच म्हणाली. "गिऱ्या, यांना कोणी बोलावलं?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

"चौथं प्रकरण वाचलं असेल का यांनी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एक पूर्ण मिनिट होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मठ्ठा येईल, काळजी करू नकोस."

मौखिकी

बाहेरच्या परीक्षक डॉ. कुमुद रहाटे विदर्भातून आल्या होत्या. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, प्रबंधात पिवळ्या कागदाच्या चिकटवलेल्या खुणा. एवढ्या खुणा मी कोणाच्या प्रबंधात पाहिल्या नव्हत्या. त्यांनी तो वाचला होता.

ताई पाऊण तास बोलली. आधी आवाज कापत होता, मग नाही. चौथ्या प्रकरणापाशी ती आली तेव्हा सोफ्यावर सचिवांनी पायावर पाय टाकला. एवढंच झालं. पण मागच्या तीन रांगांना ते कळलं.

एक नंबरचा प्रश्न झाला. "फार चांगला प्रश्न आहे," ताई म्हणाली. उत्तर झालं.

खर्डेकर सरांनी माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. खिशातून चिठ्ठी काढली. ताईनं मला हसण्याची खूण केली, ओठांच्या कडेला बोट लावून.

मी वाचलं.

पुढचं जसं झालं तसं लिहितो. मध्ये माझं काही घालत नाही, कारण मी घातलं की ते बिघडतं.

चंद्राताई: हो. फोटो गिरीश कोष्टी यांनीच काढलेत. पान सात, ऋणनिर्देश. तिथं त्यांचं नाव आहे. प्रत्येक छायाचित्राखालीही आहे.

(पानं उलटल्याचे आवाज. खर्डेकर सरही उलटत होते.)

डॉ. रहाटे: आहे की हो. स्पष्ट लिहिलंय. मग तुमची तक्रार काय आहे, कोष्टी?

मी: नाही... म्हणजे... मला माहीत नव्हतं, मॅडम.

डॉ. रहाटे: बरं झालं तुम्ही उठलात. मला हेच विचारायचं होतं. या प्रकरणाचा सगळा भार एका रेघेवर आहे. ही रेघ मुद्दाम मारलेली होती, की छापील?

सचिव (बसूनच): मी बोलू का? माझी काही हरकत नाही. संशोधन झालंच पाहिजे, विचारस्वातंत्र्य आहे. खर्डेकर सर नेहमी सांगतात. पण रेघा काय, प्रत्येक वहीत असतात. आमच्या आजोबांनी त्या मोजल्या नसतील.

(हशा. मोठा नाही.)

चंद्राताई: रेघ लाल होती. हातानं मारलेली. झेरॉक्समध्ये रंग येत नाही.

खर्डेकर सर: हे आता तुम्ही म्हणता. प्रत्येक कागदात तेच शोधायचं ठरवल्यावर तेच दिसतं.

चंद्राताई: सर, मी एकटीनं नाही पाहिलेलं. गिरीश प्रत्येक शाळेत माझ्याबरोबर होता. त्याला विचारा.

डॉ. रहाटे: साक्षीदारच आहे म्हणता? उत्तम. मग प्रश्नच मिटला. सांगा बेटा. रेघ कोणत्या रंगाची होती?

खुर्च्या वळल्या. सचिवसाहेबही वळले. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल. नव्हता. ते कुतूहलानं बघत होते, जणू माझं नाव लक्षात ठेवायचं होतं. त्यांच्या मागे खर्डेकर सर उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते माहीत नाही.

मी: आठवत नाही, मॅडम.

डॉ. रहाटे: रंग आठवत नाही?

मी: खूप पानं होती.

चंद्राताईला वाटलं मी गोंधळलोय. तिचा आवाज मऊ झाला, वर्गात अडलेल्या मुलाला सावरतात तसा.

चंद्राताई: गिऱ्या, हिवरवाडी. शिपायानं आपल्याला गूळ-शेंगदाणे दिले होते. तू म्हणालास, रेघेवर फ्लॅश चमकतोय, परत काढतो. आठवलं? खिडकीपाशी नेऊन काढलास.

मी: नाही आठवत.

चंद्राताई: बरं, असू दे. मॅडम, त्याच्या फोनमध्ये रंगीत आहेत. आत्ता दाखवील तो. गिऱ्या, फोन दे.

फोन माझ्या पँटच्या उजव्या खिशात होता. मी उभा असल्यामुळे त्याचा चौकोन कापडातून दिसत असणार. मी वर हात नेला, आणि शर्टाच्या रिकाम्या खिशावर ठेवला.

मी: तो फोन बिघडला होता. सगळं पुसून घ्यावं लागलं. फोटो गेले.

डॉ. रहाटे: कधी?

मी: मागच्याच महिन्यात.

डॉ. रहाटेंनी चष्मा काढला. त्यांना मदत करायची होती. मला आजही त्यांचा चेहरा आठवतो, दुखावलेला, माझ्यामुळे नव्हे, कशामुळे ते सांगता येणार नाही. "बसा," त्या म्हणाल्या.

बंद दार

समिती आतल्या खोलीत गेली. सगळे चहाला गेले. मी जिन्याखाली पाण्याच्या टाकीमागे गेलो.

त्यांनी फोन मागितला तर? एवढंच डोक्यात होतं. खर्डेकर सर म्हणाले, दाखव बघू तुझा फोन, तर? रहाटे बाईंनी कोणाला पाठवलं तर? मी खोटं बोललो हे सिद्ध होईल. ताईचं काय होईल हा विचार त्या जिन्याखाली माझ्या मनात एकदाही आला नाही. येईल असं मला नंतर वाटत राहिलं, म्हणून मी तो मनात घालून पाहिला. तो तिथं नव्हता.

सगळे फोटो एकदम निवडून पुसता येतात हे मला माहीत होतं. पण मधेमधे धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो होते, ते जायला नको होते. म्हणून मी एकेक पुसला.

रेघ. पुसू का? हो. रेघ. पुसू का? हो. किसन बाळू, पडवी. हो. बहिणीची अंगठी. नाही. तुळसा मारुती, पडवी. हो. दगडू लोंढे, पडवी. हो. वर कोणाच्यातरी चपला वाजल्या की मी श्वास धरत होतो.

शेवटचे वीसेक उरले तेव्हा टाकीतलं पाणी भरायला शिपाई आला. "काय सर, घरी निरोप का?" म्हणाला. मी हसलो.

दुरुस्ती

वर लिहिलंय, की ताईचा विचार आला नाही. हिवरवाडीच्या फोटोपाशी मी थांबलो होतो. खिडकीपाशी काढलेला. रेघ कुंकवासारखी लाल, कडेला ताईचं बोट आलेलं, पान दाबून धरणारं. मी थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. मग तोही पुसला. तेव्हा विचार आलाच नाही हे म्हणणं मला सोपं पडतं, एवढंच.

नंतरचं, आधी

समितीनं निर्णय दिला: मूळ साधनाबद्दल शंका असल्यानं प्रकरण चार वगळून तीन महिन्यांत प्रबंध पुन्हा सादर करावा, पदवी देण्यास हरकत नाही. डॉ. रहाटेंनी तो कागद वाचताना मान वर केली नाही. ताई उभी राहून म्हणाली, "मी वगळणार नाही." खर्डेकर सर म्हणाले, "घाई करू नकोस, विचार कर." ती म्हणाली, "विचार करूनच लिहिलंय, सर. तुम्ही वाचलं नाहीत."

तीन महिने गेले. तिनं प्रबंध परत दिला नाही. हिवरवाडीच्या शाळेला नवी इमारत झाली, आणि जुन्या कपाटाला वाळवी लागली होती म्हणून ते जाळलं, असं मला तिथल्या शिपायानं सांगितलं. तळेखोललाही वाळवी लागली. पिंपळदऱ्यालाही. ताईनं चौथं प्रकरण एका लहान त्रैमासिकात छापलं. मंडळाच्या वकिलाचं पत्र आलं: पुरावा दाखवा. पुढच्या अंकात संपादकांनी माफी मागितली. दगडू लोंढे तोवर वारले होते.

तिच्या नावामागे डॉक्टर नाही. माझ्या नावामागे आहे. बावीस तारखेची मुलाखत चार मिनिटांत संपली. सचिवसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, वडील काय करतात. आज मी त्याच महाविद्यालयात विभागप्रमुख आहे. मौखिकीच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या मी वाटतो.

जेवण

पण त्या दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त जेवण तयार होतं, आणि ते उमेदवाराकडून असतं.

मला वाटलं, आता कोणी बसणार नाही. सगळे बसले. सभागृहामागच्या खोलीत टेबलं जोडून लावली होती, स्टीलची ताटं मांडलेली. सचिवसाहेब निघून गेले होते. रहाटे बाई गाडीची वेळ झाली म्हणून न जेवता गेल्या. जाताना ताईच्या डोक्यावर हात ठेवला. बाकी सगळे. काळे म्हणाला, "मठ्ठा झकास आहे हां, मॅडम." मी पळून जाणार होतो, पण खर्डेकर सरांनी मला शेजारी बसवलं. "बस. उठून गेलास तर लोक काय म्हणतील?"

सर वरणभात कालवत होते, खात नव्हते.

ताई वाढत होती. पदर कमरेला खोचलेला. भाऊ तिला म्हणाला, "तू बस, मी वाढतो," तर म्हणाली, "माझी मौखिकी आहे की तुझी?" दोघंतिघं हसले. ती एकेका ताटापाशी थांबत येत होती. मी माझ्या ताटाकडे बघत होतो. भाजीचा तवंग, लोणच्याची फोड. मोरपंखी काठ दिसला.

"पुरी घे."

"नको, ताई."

"घे. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

ती वाकली. सर दुसरीकडे बघत होते. तिनं आवाज एवढा खाली नेला की मला ओठांकडे बघावं लागलं.

"घाबरलास ना?"

मी मान हलवली.

"मीच चुकले. बावीस तारखेची मुलाखत आहे तुझी, लक्षातच आलं नाही. तुला मध्ये ओढायला नको होतं." तिच्या हातातल्या पुऱ्यांमधून वाफ येत होती. "आणि तू काय मनानं थोडाच विचारशील तसं? चिठ्ठी कोणाची होती ते कळलं मला. तुझ्या खुर्चीवरच पडली होती. अक्षर ओळखते मी."

मी ताटातली लोणच्याची फोड कडेला सारली.

"फोन बिघडलेला नाही, तेही माहीत आहे. गुरुवारीच तर तू मला हिवरवाडीचं पान दाखवलंस त्यात. बरं केलंस दाखवला नाहीस ते. इथंच काढून घेतला असता तुझ्याकडून. ऐक, आत्ता कोणालाच दाखवू नकोस. नोकरी लागू दे, पक्का हो, मग बघू. वर्षानं, पाच वर्षांनी, कधीही. फक्त जपून ठेव. शाळांच्या कपाटांच्या किल्ल्या आता कोणी देणार नाही. तेवढेच आहेत."

"हो," मी म्हणालो.

"नक्की ना? नवा फोन घेतलास तरी त्यात घाल. विसरू नकोस."

"हो, ताई."

तिनं माझ्या ताटात दोन पुऱ्या ठेवल्या, जरा थांबून तिसरी ठेवली, आणि शेजारी वळली.

"सर, तुम्हाला काय वाढू?"